उलटलेली ए-क्लास आणि मर्सिडीजचे ते तीन आठवडे

रॉबर्ट कॉलिन हा स्वीडनमधला गाड्यांचा पत्रकार, 'टेक्निकेन्स वार्ल्ड' या मॅगझिनसाठी नवीन गाड्या चालवून बघायच्या आणि त्यावर लिहायचं हे त्याचं नेहमीचं काम. २१ ऑक्टोबर १९९७ ला त्याच्या हातात मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास होती, गाडीत माणसं भरलेली, समोर डांबरावर प्लॅस्टिकचे शंकू म्हणजे कोन मांडलेले, स्पीड साधारण साठ. ब्रेकला पाय न लावता त्याने स्टिअरिंग डावीकडे मारलं, लगेच उजवीकडे परत घेतलं, आणि एका बाजूची चाकं जी उचलली गेली ती खाली आलीच नाहीत. गाडी उलटली. आतल्या लोकांना किरकोळ लागलं, जीव कुणाचा गेला नाही. पण ही बातमी युरोपभर गेली, आणि ज्या कंपनीने शंभर वर्षं "आमची गाडी म्हणजे सगळ्यात सुरक्षित" असं लोकांच्या मनात बसवलं होतं तिची पुढचे तीन आठवडे झोप उडाली.

मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. मी काही वर्षं पुण्यात सस्पेन्शनचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली आहेत, तिथे आमच्या साहेबांच्या तोंडात 'एल्क टेस्ट' हा शब्द कायम असायचा, कुणी ड्रॉइंगमधे मार्जिन कमी ठेवलं की साहेब म्हणायचे, "अरे बाबा, ती ए-क्लास आठव." तेव्हा मला नीट माहीत नव्हतं, नंतर वाचत गेलो. आणि वाचल्यावर वाटलं की लोक ही गोष्ट 'मर्सिडीजची फजिती' म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात, पण खरी गोष्ट फजितीनंतर सुरू होते.

आधी ही एल्क टेस्ट काय असते ते सांगतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा उत्तरेकडचा दांडगा भाऊबंद, पाय लांबच लांब आणि मोठा नर असला तर वजन चारशे किलोच्या पुढेही जातं. असा प्राणी गाडीने उडवला की बंपर लागतो त्याच्या पायांना, आणि वरचं सगळं धूड सरळ काचेतून आत येतं, चालवणाऱ्याच्या अंगावर. म्हणून स्वीडनमधे एल्क आडवा आला की ब्रेक दाबत बसायला वेळ नसेल तर स्टिअरिंग मारून दुसऱ्या लेनमधे जायचं आणि समोरून येणारी गाडी अंगावर यायच्या आत परत आपल्या लेनमधे यायचं. ज्यांनी विदर्भात रात्री गाडी चालवली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, रोही अशीच झुडपातून थेट हेडलाइटमधे उडी मारते. कॉलिनचं मॅगझिन ही टेस्ट बऱ्याच वर्षांपासून घेत होतं, सगळ्या गाड्यांची घेत होतं, त्यात मर्सिडीजवर काही खास राग वगैरे नव्हता. मर्सिडीज उलटेल असं त्यांना वाटलं असतं तर माणसं भरून नेली असती का?

ती गाडी कशी होती हे समजून घेतलं पाहिजे, कारण दोष कुठून आला ते त्यातच आहे. ए-क्लास ही मर्सिडीजची तोपर्यंतची सगळ्यात छोटी गाडी, लांबी फक्त ३.५७ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या हॅचबॅकपेक्षाही आखूड. एवढ्या आखूड गाडीत पुढे इंजिनला आणि चेपायला जागाच नाही, तर अपघातात आतल्या माणसाला वाचवायचं कसं? मर्सिडीजच्या इंजिनिअरांनी यावर जे डोकं चालवलं त्याला खरंच सलाम आहे. त्यांनी गाडीला दोन मजली तळ दिला, एकावर एक असे दोन थर आणि मधे पोकळी, त्याला सँडविच फ्लोअर म्हणतात. इंजिन ५९ अंशात तिरकं झोपवलं, म्हणजे समोरून धडक बसली की इंजिन आतल्या लोकांच्या मांडीवर न येता घसरून तळाच्या खाली जाणार. शिवाय त्या पोकळीत पुढे कधीतरी बॅटऱ्या ठेवून इलेक्ट्रिक गाडी करायचाही विचार होता, नव्वदच्या दशकात! या सगळ्या डेव्हलपमेंटवर अडीच अब्ज मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) खर्च झाले होते, जर्मनीत राष्टाटला कारखाना सज्ज केला होता.

पण दोन मजली तळ म्हणजे बसणारी माणसं वर गेली. गाडी आखूड, अरुंद, आणि उंच, १.५७ मीटरच्या आसपास. बॅटऱ्या असत्या तर ते वजन तळात बसलं असतं आणि गाडी जमिनीला धरून राहिली असती, पण पेट्रोल-डिझेल गाडीत ती पोकळी रिकामीच, म्हणजे उंची मिळाली पण तळाला वजन मिळालं नाही. आता घरातलं उंच स्टूल घ्या आणि वरून बाजूला ढकलून बघा. गुळगुळीत फरशीवर असेल तर ते सरकतं. सतरंजीवर असेल तर पाय अडकतात आणि स्टूल कलंडतं. गाडीचंही तेच, टायरची पकड कमी असेल तर गाडी घसरते, पकड चांगली असेल आणि गाडी उंच असेल तर ती चाकावर अडखळून कलंडते. म्हणजे चांगला टायरच इथे घात करू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं पण असंच आहे. त्यात एल्क टेस्टमधला दुसरा झटका वाईट. पहिल्यांदा डावीकडे वळताना गाडी उजवीकडे झुकते, तिकडच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, आणि त्या उसळी घेत असतानाच तुम्ही स्टिअरिंग उलटं फिरवलं की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. गाडीत माणसं भरलेली असतील तर वजन अजून वर, झोका अजून मोठा.

बरं हे मर्सिडीजला कळत नव्हतं का? इथे मला त्या कंपनीचा जुना इतिहास आठवतो. कार्ल बेंझने १८८६ च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, १८८८ मधे त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमपर्यंत ती गाडी घेऊन गेली, हे बहुतेकांना माहीत असतं. मर्सिडीज हे नाव कुठून आलं तेही माहीत असतं, एमिल येलिनेक नावाचा श्रीमंत गृहस्थ डाइमलर या तेव्हा बेंझपेक्षा वेगळ्या असलेल्या कंपनीच्या गाड्या फ्रान्समधे नीस भागात विकायचा, त्याच्या मुलीचं नाव मर्सिडीज. पण त्याच्या आधी काय झालं ते कमी सांगितलं जातं. १९०० च्या मार्चमधे नीसजवळच्या ला तुर्बीच्या घाटात शर्यत होती, डाइमलरचा विल्हेल्म बाउअर कंपनीची फिनिक्स गाडी घेऊन उतरला. ती गाडी जड होती, उंच होती, आखूड होती, इंजिन ताकदवान. बाउअरचा त्यात अपघात होऊन मृत्यू झाला. कंपनीला वाटलं आता शर्यतीच बंद कराव्यात. येलिनेक म्हणाला नाही, गाडी बदला, लांब करा, रुंद करा, वजन खाली आणा. डाइमलरचा इंजिनिअर विल्हेल्म मायबाखने तशी गाडी बनवली, १९०१ मधे तिने नीस गाजवलं, आणि त्या गाडीला येलिनेकच्या मुलीचं नाव दिलं. म्हणजे मर्सिडीज या नावाची पहिली गाडीच मुळी उंच, आखूड गाडीने घेतलेल्या बळीतून जन्माला आली. आणि ९७ वर्षांनी त्याच नावाची गाडी पुन्हा त्याच कारणाने उलटली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मधल्या काळात या कंपनीने सुरक्षेत जे काम केलं त्याला तोड नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९२६ मधे डाइमलर आणि बेंझ एकत्र झाले. बेला बारेनी हा त्यांचा इंजिनिअर, त्याने पन्नासच्या दशकात सांगितलं की गाडी सगळीकडून कडक असून चालत नाही, पुढचा-मागचा भाग चेपला पाहिजे आणि मधला माणसांचा पिंजरा शाबूत राहिला पाहिजे. १९५९ पासून त्यांच्या गाड्या तशा यायला लागल्या आणि आज जगातली प्रत्येक गाडी त्याच तत्त्वावर बनते. १९७८ मधे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बॉश कंपनीबरोबर आपल्या मोठ्या एस-क्लासमधे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आणली, १९८१ मधे एअरबॅग. त्यामुळे लोकांच्या मनात मर्सिडीज म्हणजे काय, तर महाग, पण आत बसलेला माणूस जिवंत बाहेर येणार. पत अशीच बनते, एकेक वर्ष, एकेक गाडी, आणि ती बनवणारी माणसं निवृत्त होऊन जातात तरी नाव चालत राहतं.

अशा कंपनीने छोटी गाडी करायचं का ठरवलं? कारण मोठ्या गाड्यांवरच जगणं कठीण होत चाललं होतं, जपान्यांनी महागड्या गाड्यांत उडी घेतली होती, इंधन आणि प्रदूषणाचे नियम कडक होत होते, शहरातल्या तरुण कुटुंबाला मर्सिडीज म्हणजे आजोबांची गाडी वाटायची. म्हणून १९९३ च्या फ्रँकफर्ट शोमधे त्यांनी एक नमुना दाखवला आणि १९९७ च्या शरद ऋतूत खरी गाडी बाजारात आली, ऑर्डरींचा ढीग लागला, आकडा लाखाच्या घरात गेला. पहिल्यांदाच मर्सिडीजच्या चिन्हातला तो तारा साध्या मध्यमवर्गीय घरासमोर उभा राहणार होता. आणि गाड्या लोकांच्या हातात पडून काही दिवस होतात न होतात तोच स्वीडनची बातमी आली.

आता ते तीन आठवडे.

बातमी आली तेव्हा कंपनीचे मोठे लोक टोकियोत होते, तिथल्या मोटर शोमधे मायबाख नावाची आलिशान लांबलचक गाडी जगाला दाखवायला गेलेले. एकीकडे मायबाख, दुसरीकडे स्वीडनमधे उलटलेली छोटी गाडी. पहिली प्रतिक्रिया जी कुठल्याही मोठ्या कंपनीची असते तीच आली, की ही टेस्ट काही मान्यताप्राप्त नाही, आम्ही गाडी लाखो किलोमीटर चालवून तपासली आहे, असं टोकाचं स्टिअरिंग कोण मारतं. मग बोट टायरकडे गेलं. मला इथे त्या इंजिनिअरांच्या जागी बसून विचार करावासा वाटतो, कारण मी अशा मीटिंगा जवळून पाहिल्या आहेत, प्रॉब्लेम आला की पहिले दोन दिवस सगळ्यांची ताकद "हा आपला प्रॉब्लेम नाही" हे सिद्ध करण्यात जाते, सप्लायरला फोन जातात, टेस्ट कशी चुकीची होती याचे तक्ते बनतात, आणि ज्याला खरं काय ते दिसलेलं असतं तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. यात कुणी वाईट असतं असं नाही, पाच-सहा वर्षं रात्रंदिवस जिच्यासाठी घालवली ती गाडी सदोष आहे हे मान्य करणं माणसाला जड जातं.

पण लोकांना या स्पष्टीकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. लोकांनी एवढंच बघितलं की मर्सिडीज उलटली. त्यात कुणीतरी पूर्व जर्मनीची जुनी ट्राबंट घेऊन हीच टेस्ट करून दाखवली आणि ट्राबंट आरामात पास झाली. ट्राबंट म्हणजे ती दोन सिलिंडरची, धूर ओकणारी, प्लॅस्टिकसारख्या पत्र्याची गाडी, बर्लिनची भिंत पडल्यावर जिच्यावर अख्ख्या जर्मनीत विनोद व्हायचे. ती पास आणि मर्सिडीज नापास! याच्यापुढे कुठला तक्ता टिकणार? 'एल्क टेस्ट' हा शब्द जर्मन भाषेत तेव्हापासून कायमचा जाऊन बसला, आजही तिकडे कुठल्या मंत्र्याची किंवा योजनेची खरी परीक्षा आली की एल्क टेस्ट म्हणतात.

२९ ऑक्टोबरला कंपनीने पहिलं खरं पाऊल टाकलं. टायर बदलू आणि सगळ्या ए-क्लासमधे ईएसपी देऊ, फुकट, असं जाहीर केलं. ईएसपी म्हणजे काय ते पुढे सांगतो. पण हे अर्धं पाऊल होतं कारण गाड्या तोपर्यंत विकणं चालूच ठेवलं होतं, म्हणजे "गाडीत काहीतरी बसवायला हवं हे आम्हाला मान्य आहे पण तोवर न बसवलेली घेऊन जा" असा त्याचा अर्थ होत होता, आणि लोकांना तो बरोबर कळला. दबाव वाढतच गेला. शेवटी ११ नोव्हेंबरला, म्हणजे त्या उलटण्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी, कंपनीचे अध्यक्ष युर्गेन श्रेम्प आणि गाडी विभागाचे प्रमुख युर्गेन हुबर्ट यांनी डिलिव्हरी बंद केली, बारा आठवड्यांसाठी. रस्त्यावर गेलेल्या साधारण २६०० गाड्या परत बोलावल्या. ज्यांना ऑर्डर रद्द करायची त्यांना मोकळीक. खर्च धरला ३० कोटी मार्क.

मला विचाराल तर हे प्रकरण या एका दिवसासाठी शिकण्यासारखं आहे. आधीच्या वीस दिवसांत त्यांनी जे जे केलं ते करण्यासारखं नव्हतं, आणि त्या विसाव्या दिवशीसुद्धा त्यांना आणखी वीस दिवस तसंच रेटता आलं असतं, कारण कायद्याने गाडी पास होती. कुठल्याही सरकारने तिच्यावर बंदी घातलेली नव्हती. बाजारात नवीन आलेली, अडीच अब्ज मार्क गिळून बसलेली, लाखभर लोक रांगेत उभी असलेली गाडी स्वतःच्या हाताने बंद करायची, याला छाती लागते. उशीर झाला हे खरं. पण केलं तेव्हा अर्धंमुर्धं केलं नाही.

त्या बारा आठवड्यांत गाडीखाली काय काय बदललं, तर सस्पेन्शन कडक केलं, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलले, गाडी थोडी खाली बसवली, टायर दुसरे घातले. हे सगळं आमच्यासारख्या सस्पेन्शनवाल्यांच्या नेहमीच्या भाषेतलं. याने गाडीचा झोका कमी होतो पण चालवायला थोडी टणक होते, खड्ड्यात जास्त आपटते, ते त्यांनी पत्करलं. आणि वर ईएसपी.

ईएसपी, ज्याला आपल्याकडे बऱ्याच ब्रोशरमधे ईएससी लिहिलेलं असतं, हे बॉश आणि मर्सिडीजने मिळून बनवलेलं, बॉशकडचा मुख्य माणूस आंटोन फान झांटेन. १९९५ मधे ते पहिल्यांदा आलं ते मर्सिडीजच्या मोठ्या एस ६०० कूपेमधे, म्हणजे ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही अशांच्या गाडीत. त्याचं काम असं, स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो तो सांगतो की चालवणाऱ्याला कुठे जायचंय. गाडीच्या मधोमध, सहसा सीटच्या किंवा कन्सोलच्या खाली, दुसरा एक छोटा डबीएवढा सेन्सर असतो तो सांगतो की गाडी स्वतःभोवती खरंच किती वळते आहे. प्रत्येक चाकाचा वेग एबीएसच्या सेन्सरकडून मिळतोच. कॉम्प्युटर सेकंदाला पंचवीस वेळा या दोन गोष्टी ताडून बघतो, माणसाला जायचंय तिकडेच गाडी चालली आहे ना. नसेल तर तो एकट्या एका चाकाला ब्रेक लावतो. मागची बाजू घसरून फिरायला लागली तर पुढच्या बाहेरच्या चाकाला, पुढची बाजू सरळ चालली असेल तर मागच्या आतल्या चाकाला, आणि इंजिनची ताकदही कमी करतो. कितीही निष्णात ड्रायव्हर असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं, एका चाकाला ब्रेक लावणं माणसाला जमणारच नाही. मी आमच्या एका गॅरेजवाल्या मित्राकडे तो वळण मोजणारा सेन्सर हातात घेऊन बघितला आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, एका बाजूला कनेक्टर, वर बाण काढलेला की या दिशेनेच बसवा. एवढीशी वस्तू.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. मर्सिडीजने ही वस्तू आपल्या सगळ्यात स्वस्त गाडीत सगळ्यांना दिली, ऑप्शन म्हणून नाही, वरच्या मॉडेलला नाही, सरसकट. १९९८ च्या फेब्रुवारी अखेर गाड्या पुन्हा ग्राहकांकडे जायला लागल्या तेव्हा जर्मनीत असं चित्र होतं की सगळ्यात छोट्या मर्सिडीजमधे जे आहे ते दुसऱ्या कंपन्यांच्या दुप्पट किमतीच्या गाडीत नाही. मग त्या गाडीचा ग्राहक शोरूममधे जाऊन विचारणारच ना, की ए-क्लासमधे आहे, तुमच्यात का नाही? बाकीच्या कंपन्यांना द्यावंच लागलं. १९९९ मधे मर्सिडीजच्या सगळ्या कारमधे ते आलं, मागणी वाढली तशी सेन्सरची किंमत उतरत गेली, आणि पुढे युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचं झालं, अमेरिकेत तर त्याच्याही आधी. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेचा अभ्यास सांगतो की एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका यामुळे जवळपास निम्म्याने कमी होतो. निम्म्याने! सीट बेल्टनंतर एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू क्वचितच असेल. ती आज ना उद्या सगळीकडे आलीच असती, हे मान्य, पण आली असती वरून खाली, हळूहळू, श्रीमंतांच्या गाडीतून झिरपत. त्या उलटलेल्या गाडीने ती वाट काही वर्षांनी तरी कमी केली असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातीही त्यांनी चांगल्या केल्या. टेनिसपटू बोरिस बेकरला घेतलं, हरल्यातून माणूस काय शिकतो अशा अर्थाच्या. कापडी एल्क बाहुल्या वाटल्या. मार्केटिंगच्या वर्गात शिकवताना याच गोष्टींवर जास्त वेळ जातो आणि ते मला पटत नाही. बाहुली आणि बेकर यांनी गाडी वाचवली नाही, गाडीखाली केलेल्या कामाने वाचवली. गाडी तशीच ठेवून बाहुल्या वाटल्या असत्या तर लोकांनी त्या तोंडावर मारल्या असत्या. रद्द झालेल्या ऑर्डरी काही हजारच होत्या, बाकी लोक थांबले, आणि २००४ पर्यंत ती पहिली ए-क्लास सुमारे ११ लाख विकली गेली. त्यांच्याच स्मार्ट या दोन सीटच्या गाडीचं आगमनही त्यांनी मार्च १९९८ वरून ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललं कारण तिच्यातही हाच धोका दिसत होता, या वेळी कुणी पत्रकाराने उलटवायची वाट बघितली नाही. आणि जर्मन वाहन उद्योगाने त्या टेस्टची नीट मोजमापं ठरवली, कोन किती अंतरावर, लेन किती रुंद, हे गाडीच्या रुंदीवरून ठरवलं, पुढे तीच आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत झाली. ज्या टेस्टला आधी "मान्यताप्राप्त नाही" म्हटलं, तिलाच मान्यता द्यावी लागली.

यावरून मर्सिडीज कायमची शहाणी झाली असं मात्र कुणी समजू नये. मे १९९८ मधे क्रायस्लर या अमेरिकन गाडी कंपनीशी लग्न ठरलं आणि ते पुढे मोडलं, त्या काळात गाड्यांचा दर्जा खालावला, गंजाच्या तक्रारी आल्या, २००५ मधे एकाच वेळी १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डिझेलच्या धुराच्या प्रकरणात २०२० मधे अमेरिकेत दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त मोजावे लागले. कंपनी म्हणजे काही एक माणूस नव्हे की एकदा भाजलं की कायम लक्षात राहील, तिथली माणसं बदलतात, नवीन माणसाला ती २१ ऑक्टोबरची रात्र आठवायला तो तिथे नव्हताच. मला वाटतं म्हणूनच आमचे साहेब तो शब्द सारखा म्हणायचे.

आणि त्या दोन मजली तळाचं काय झालं? २००४ च्या दुसऱ्या ए-क्लासमधे तो होता. २०१० मधे त्याच पोकळीत बॅटऱ्या घालून शेवटी थोड्या इलेक्ट्रिक ए-क्लास काढल्या, म्हणजे मूळ कल्पना खरी ठरली, फक्त फार लवकर आली. २०१२ ला तिसरी ए-क्लास आली ती अगदी बुटकी, पहिलीपेक्षा १४ सेंटीमीटरने खाली, तळ साधा. भारतात २०१३ मधे जी ए-क्लास आली ती हीच. उलटणारी ए-क्लास आपल्याकडे आलीच नाही, त्यामुळे आपल्याकडे हे प्रकरण फार कुणाला माहीत नाही. खरं तर या ताऱ्याशी आपलं नातं जुनं, १९५४ मधे टाटांनी डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले तेव्हा १९६९ पर्यंत त्या ट्रकवर ताराच असायचा, जुने ड्रायव्हर अजून 'टाटा मर्सिडीज' म्हणतात. १९९५ मधे पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात झाली, २००९ पासून चाकणला स्वतःचा कारखाना. माझ्या ओळखीची दोन-तीन मुलं तिथे आहेत.

मागच्या पावसाळ्यात आम्ही माणगावहून ताम्हिणी घाटाने परत येत होतो, गाडी मित्राची, साधी, नवीन. धुकं, पाऊस, रस्त्यावर डोंगरातून आलेलं पाणी. एका वळणावर रेडकू आडवं आलं. त्याने तेच केलं जे कॉलिनने केलं होतं, उजवीकडे घेतली आणि लगेच डावीकडे आणली. मला मागची बाजू सुटल्याचं सीटमधून जाणवलं, आणि तेवढ्यात खालून गुर्रर्र आवाज आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडला, गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा असलेला, आणि गाडी सरळ झाली. मागच्या सीटवर त्याच्या दोन्ही मुली झोपलेल्या होत्या त्या झोपलेल्याच राहिल्या. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी बाजूला घेतली, हात थरथरत होते. म्हणाला, "तो दिवा कसला रे लागला? काही बिघडलं का?" त्याने ते व्हेरिअंट सनरूफसाठी घेतलं होतं, हे आत आहे हे त्याला माहीतही नव्हतं. मग पौड येईपर्यंत मी त्याला स्वीडनची गोष्ट सांगत आलो, आणि तो साठच्या खाली, अगदी सावकाश चालवत राहिला.